हौशी सुतारासाठी हत्यारं: पैसे कुठे घालायचे, कुठे वाचवायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरातल्या एका कोपऱ्यात, कामावरून आल्यावर आणि सुट्टीच्या दिवशी सुतारकाम शिकायचं आहे. आधी पुस्तकांचं शेल्फ करायचं, मग जमलं तर एखादं स्टूल. बजेट बेताचं आहे. एकीकडे बत्तीस हत्यारांचा संच स्वस्तात दिसतोय, दुसरीकडे मशिनं खुणावतायत. तर घ्यायचं काय, आणि चांगलं पण परवडणारं मिळतं कुठे?

संच घेऊ नका. त्यातली निम्मी हत्यारं तुम्हाला वर्षभर लागणार नाहीत आणि जी लागतील ती बहुधा मऊ पोलादाची निघतील. चांगल्या पटाशीचं, म्हणजे लाकडात खाचा पाडायच्या छिन्नीचं, पोलाद रॉकवेल या कडकपणाच्या मोजमापात साधारण ५८ ते ६२ इतकं कडक असतं. त्याहून बरंच मऊ असलं तरी धार लागते, दुकानात कागद कापूनही दाखवता येतो, पण कडक लाकडावर चार ठोके पडले की काठ दुमडतो. नवख्या माणसाला वाटतं आपला हात बसलेला नाही. वर्षभर तो स्वतःलाच दोष देत राहतो आणि शेवटी हत्यारं माळ्यावर जातात.

माझं एकच म्हणणं आहे, बाकी सगळं त्यातूनच निघतं: हौशी माणसाने पहिला पैसा धार लावण्याच्या सामानावर घालावा. ज्याला धार लावता येते त्याला जुनं, गंजलेलं, लोकांनी टाकून दिलेलं हत्यार चालतं, आणि असं हत्यार नव्याच्या काही अंशांत मिळतं. ज्याला येत नाही त्याचं महागातलं हत्यारही महिन्याभरात बोथट होणार, कारण वापरलं की धार जाणारच. शिवाय नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला नुसती घासून आकार दिलेला असतो. कामाची धार आपल्यालाच लावावी लागते.

सुरुवातीचं सामान अगदी साधं आहे. आठ-दहा मिलीमीटर जाडीच्या काचेचा वीतभर रुंद, हातभर लांब तुकडा काचवाल्याकडून कडा मारून घ्या. ग्रॅनाइटच्या टाइलचा सपाट तुकडाही चालतो. त्यावर पाण्यात चालणारा काळा पॉलिश पेपर ठेवायचा: २४०, ४००, ८०० आणि २००० नंबर (नंबर जितका मोठा, तितका कागद बारीक). काचेवर पाण्याचे चार थेंब टाकले की कागद आपोआप चिकटून बसतो. शेवटच्या चकाकीसाठी एका फळीवर चामड्याचा तुकडा चिकटवून त्यावर हिरवी पॉलिशिंग पेस्ट घासायची. याच्या जोडीला पातं ठरावीक कोनात धरून ठेवणारा, खाली एक चाक असलेला स्वस्तातला गाइड घ्या. हाताने धार लावणारे जुने लोक त्याला हसतील, हसू द्या. कोन हातात बसायला वेळ लागतो, आणि तोवर तुमची पटाशी कापायला हवी.

पातं दोन्ही बाजूंनी चिमटणारा जो नेहमीचा गाइड मिळतो, त्यात पटाशी पुढे ३० मिलीमीटर काढली की कोन ३० अंश येतो, ४० मिलीमीटर काढली की २५. रंध्याचं पातं त्याच गाइडमध्ये वरच्या पातळीवर बसतं, म्हणून त्याला ही अंतरं ३८ आणि ५० आहेत. लाकडाच्या एका तुकड्यावर या मापांच्या पट्ट्या चिकटवून ठेवा, म्हणजे दर वेळी मोजत बसायला नको. गाइड नसताना कोन तपासायचा तर तिरप्या भागाची लांबी पात्याच्या जाडीच्या बरोबर दुप्पट असली की कोन ३० अंश झाला. मुख्य तिरपा भाग २५ अंशाचा ठेवायचा आणि टोकाशी केसभर रुंदीची ३० अंशाची कड काढायची, ही रीत बहुतेक कामांना पुरते. कड बोथट झाली की तेवढीच पट्टी घासायची असते, त्यामुळे रोजची धार दोन-चार मिनिटांत होते.

आता प्रत्यक्ष कृती. आधी पात्याची सपाट बाजू घ्या. सगळी नको, टोकाजवळचे दोन-तीन सेंटिमीटर पुरे. तिच्यावर मार्करने रेघोट्या मारून ती कागदावर घासा. शाई जिथे राहिली तिथे खड्डा आहे. काठाजवळची शाई पूर्ण जाईपर्यंत थांबायचं नाही. हे काम कंटाळवाणं आहे, पण प्रत्येक हत्याराला आयुष्यात एकदाच करावं लागतं. मग तिरपी बाजू. घासत असताना मधून मधून सपाट बाजूकडून काठाच्या बाहेरच्या दिशेने अंगठा हलकेच सरकवून पाहा, काठावरून लांबीने कधीही नाही. काठाच्या पलीकडे वळलेला बारीक खरखरीत पदर बोटाला लागला पाहिजे, आणि तोही या टोकापासून त्या टोकापर्यंत. एका कोपऱ्यात लागत नसेल तर तिथे कागद अजून काठापर्यंत पोचलेलाच नाही. पदर पूर्ण रुंदीवर येईपर्यंत पुढच्या नंबराच्या कागदावर जायचं नाही, हा एक नियम पाळला तरी अर्धं काम झालं. शेवटी सगळ्यात बारीक कागदावर सपाट बाजू पूर्ण टेकवून दोन-तीन हात मारले की तो पदर निघून जातो.

धार तपासायला हातावरचे केस कापून बघतात, ते मला पटत नाही. पाइनसारख्या मऊ लाकडाच्या तुकड्याचं आडवं कापलेलं टोक घ्या आणि त्याच्यावरून पटाशी हाताने ढकला. पातळ साल निघून खाली गुळगुळीत, थोडं चमकणारं लाकूड राहिलं तर धार झाली. भुसा पडला, तंतू चेपले गेले, पांढुरकं फाटल्यासारखं दिसलं तर पुन्हा काचेकडे.

कागद सारखे संपतात, तो खर्च वर्षभरात जाणवतो. हात बसला की दोन डायमंड प्लेटा, म्हणजे हिऱ्याची पूड बसवलेल्या धार लावायच्या पट्ट्या, घ्या, एक ४०० च्या आसपासची, एक १२०० ची. त्या सपाट राहतात आणि पुष्कळ टिकतात. पाण्याचे दगड छान धार देतात, पण मधे झिजून खोलगट होतात, त्यांना पुन्हा सपाट करण्याची उठाठेव आहे. विजेचा ग्राइंडर सध्या नको. साध्या कार्बन पोलादाचं पातं त्यावर निळं पडलं, म्हणजे सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापलं, की तेवढ्या भागाचा कडकपणा गेला. मग निळा भाग पूर्ण घासून काढण्यावाचून इलाज नसतो.

एवढं जमलं की जुन्या बाजाराची दारं उघडतात.

जुन्यात सगळ्यात फायद्याचा सौदा लोखंडी रंध्याचा असतो. आज जगभर जो लोखंडी रंधा दिसतो त्याची रचना लिओनार्ड बेली या अमेरिकन कारागिराची. त्याची पेटंटं स्टॅनली कंपनीने १८६९ मध्ये घेतली आणि पुढे पेटंटांची मुदत संपल्यावर अनेकांनी तीच रचना उचलली. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या रेकॉर्ड या कंपनीचे रंधे १९३१ पासून निघाले, तेही त्याच घडणीचे. याचा आपल्याला फायदा असा की शंभर वर्षांपूर्वीच्या रंध्यालासुद्धा आज नवं पातं, नवा स्क्रू, नवी मूठ मिळू शकते. रंध्याचा नंबर म्हणजे त्याचा आकार. पहिला रंधा ४ किंवा ५ नंबरचा घ्या. दोन्हीचं पातं साधारण दोन इंची असतं. चार नंबर सुमारे साडेनऊ-पावणेदहा इंच लांब, पाच नंबर चौदा. एकच घ्यायचा असेल तर मी पाच सुचवेन. लांब तळामुळे तो फळीची कड सरळ करतो आणि पातं बारीक लावलं की गुळगुळीतही करतो. एक नंबरचा इटुकला रंधा दिसला आणि विकणारा भलताच आकडा सांगू लागला तर पुढे चला, तो संग्राहकांचा जिन्नस आहे.

हातात घेतल्यावर काय बघायचं? गंज बघून तोंड वाकडं करू नका, वरवरचा गंज जातो. बिडाच्या अंगाला गेलेली भेग मात्र जात नाही. रंधा उलटा करा आणि तळाला जिथे पातं बाहेर येतं त्या फटीचे चारही कोपरे उजेडात बघा. भेग बहुतेक वेळा तिथूनच बाजूच्या भिंतीकडे चढते. नखाने चाचपा, रंगाखाली लपलेली रेघ नखाला लागते. कुठे वितळवून जोडल्याची खूण असेल तर ठेवून द्या. मग पातं बाहेर काढा. त्यावर आणखी एक वाकडी लोखंडी पट्टी स्क्रूने बसवलेली असते, ती हरवलेली नाही ना बघा. पात्याच्या लांब खाचेपासून धारेपर्यंत किती पोलाद शिल्लक आहे ते बघा. बोटभर उरलं असेल तर हौशी वापराला कैक वर्षं पुरेल. पात्याच्या सपाट बाजूला काठाजवळ गंजाने खोल टिपके पाडले असतील तर ते पातं बाद धरा, कारण त्या टिपक्यापर्यंत धार पोचली की तिथे दात पडल्यासारखी खाच येणार. पण पातं बाद म्हणजे रंधा बाद नव्हे. तेवढी किंमत कमी करून मागा आणि नवं पातं घाला. खोली कमी-जास्त करणारं पितळी चाक फिरतंय का, पातं डावी-उजवीकडे हलवणारा दांडा हलतोय का, तेही बघा. मूठ तुटलेली असेल तर आनंद माना, किंमत पडते आणि मूठ घरी लाकडाची करता येते.

तळ आरशासारखा सपाट हवा, असं वाचून लोक दिवसच्या दिवस तळ घासत बसतात. पुढचं टोक, पात्यासमोरची कड आणि मागचं टोक एका पातळीत असलं की रंधा चालतो. मधे कुठे थोडी पोकळी असली तर काही बिघडत नाही. उलट पात्यासमोरची कड उचललेली असेल तर रंधा ओरबाडत राहतो. तेवढं काचेवर ८० किंवा १२० नंबरच्या कागदाने घासून नीट करता येतं. पातं जागेवर बसवून, आत ओढून घेऊन आणि नेहमीसारखं घट्ट करून मग घासा, कारण त्या ताणाने अंग किंचित वाकतं.

गंजाचं म्हणाल तर छोट्या पोलादी भागांना साधं पांढरं व्हिनेगर पुरतं. लाकडी भाग काढून रात्रभर बुडवा, सकाळी लोखंडी काथ्याने घासा, खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन ताबडतोब पुसा, सुकवा आणि तेल लावा. दोन-तीन दिवस विसरून राहू नका, ते चांगलं लोखंडही खातं. रंध्याच्या बिडाच्या अंगाला मात्र तेल आणि बारीक कागदच बरा. विजेने गंज काढायची युक्ती करणार असाल तर दुसऱ्या टोकाला स्टेनलेस स्टीलचा तुकडा कधीही लावू नका, त्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं.

पटाश्यांचं गणित थोडं वेगळं आहे. जुन्या पटाश्या उत्तम पोलादाच्या मिळतात, पण माथा हातोडीने ठेचून फुललेला, धार कुणी तरी सिमेंटच्या ओट्यावर लावलेली, असलाच माल जास्त दिसतो. सपाट बाजू ठीक असेल आणि पातं निळं पडलेलं नसेल तर घ्या. मूठ नसली तरी चालेल. नव्या घ्यायच्या तर चारच घ्या: ६, १२, १८ आणि २५ मिलीमीटर. मध्यम किमतीत चेक प्रजासत्ताकातल्या नारेक्सच्या पटाश्यांचं नाव हौशी लोकांत आहे आणि ते योग्य आहे. त्या जातीची कुठलीही चालेल. बाराच्या संचापेक्षा या चार जास्त काम करतील, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या १२ मिलीमीटरच्या पटाशीवरच सगळा भार येईल. पटाशीला लोखंडी हातोडी मारू नका. कडक लाकडाचा एक ठोकळा घेऊन त्याला दांडा बसवा, हे तुमचं पहिलं स्वतः केलेलं हत्यार.

करवतीबाबत मात्र मी उलट सल्ला देतो: सुरुवातीला नवी घ्या. जुन्या करवती सुंदर असतात, पण त्यांचे दात एकेक करून तिकोनी कानशीने घासावे लागतात आणि आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवावे लागतात. तो वेगळा अभ्यास आहे, पहिल्या वर्षी डोक्यावर घेऊ नका. आज मिळणाऱ्या साध्या हातकरवतींच्या दातांची टोकं काळी-निळी दिसतात. ती क्षणभर तापवून कडक केलेली असतात. त्यांना कानस लागत नाही, म्हणजे बोथट झाली की करवत टाकावी लागते, पण घरगुती वापरात ती पुष्कळ टिकते आणि पहिल्या दिवसापासून कापते. एकच घ्यायची तर जपानी पद्धतीची दोन्ही बाजूंना दात असलेली करवत बघा. ती ओढताना कापते. ओढताना पातं ताणलं जातं, म्हणून ते पातळ ठेवता येतं आणि काप बारीक येतो. एका बाजूचे दात लाकूड उभं चिरायला, दुसऱ्या बाजूचे आडवं कापायला. ढकलायची सवय असलेल्याला पहिले दोन दिवस विचित्र वाटेल, इतकंच. टाकाऊ करवतीचं पातं फेकू नका. कापून, कड घासून त्याचा लाकूड खरवडायचा उत्तम पत्रा होतो, आणि पॉलिशच्या आधी तो कागदापेक्षा छान काम करतो.

मोजमापाच्या हत्यारांत काटकसर करताना एक परीक्षा घेतलीत की झालं. गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार, विकत घेताना सोबत पेन्सिल आणि सरळ कडेची फळी किंवा जाड पुठ्ठा ठेवा. फळीच्या कडेला गुण्या टेकवून एक बारीक रेघ मारा. मग गुण्या उलटा करून, त्याच जागी टेकवून पहिल्या रेघेशेजारी दुसरी मारा. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वरच्या टोकाला फाकल्या तर जेवढी फाक दिसते त्याच्या निम्मी त्या गुण्याची चूक. ही परीक्षा दुकानदाराच्या देखत करा, त्याला राग येत नाही. फार तर तोही मागून दुसरा गुण्या काढून देतो. स्वस्तातला पण या परीक्षेत उतरलेला गुण्या महागाच्या तोडीचा आहे. त्याच्या जोडीला एक तीनशे मिलीमीटरची पोलादी पट्टी आणि धारदार चाकू. सांध्याच्या खुणा पेन्सिलीपेक्षा चाकूने करा. चाकूच्या रेघेत पटाशीची धार आपसूक बसते. कडेला समांतर रेघ ओढणारं मार्किंग गेज एक लाकडी दांडा, एक सरकता ठोकळा आणि एक खिळा एवढ्यात घरी होतं.

काम धरून ठेवायला काही नसेल तर वरचं सगळं फुकट. महागडा बेंच नको, पण डगमगणारं जेवणाचं टेबलही नको. बांधकामात वापरतात तसल्या जाड वाशांचा, जड आणि बसका बेंच स्वतः करा. उंची अशी की उभं राहून हात खाली सोडले की वरची पाटी मनगटापाशी यावी. रंधा मारताना शरीराचं वजन कामी येतं ते त्यामुळे. बेंचला जागाच नसेल तर टेबलाच्या कडेला अडकणारी एक फळी करा. तिला खालून एक पट्टी, जी टेबलाला अडते, आणि वरून दुसरी, जिला लाकूड टेकतं. तासाभरात होते आणि करवतीने कापण्याचं निम्मं काम तिच्यावर भागतं.

क्लॅम्प किती घेतले तरी कमीच पडतात, अशी या धंद्यातली जुनी तक्रार आहे. सुरुवातीला सरकत्या दांड्याचे चार लोखंडी क्लॅम्प पुरेत. बाकी जुगाड: सायकलच्या जुन्या ट्यूबच्या लांब पट्ट्या ताणून गुंडाळल्या की वेड्यावाकड्या आकाराला छान दाब बसतो. दोरीच्या वेढ्यात काठी घालून पीळ दिला की स्टुलाचे पाय आवळले जातात. पीव्हीसी पाइपच्या बोटभर रुंदीच्या चकत्या कापून एका जागी चिरल्या की छोट्या चिकटवण्यासाठी ढीगभर चिमटे तयार. फळ्या शेजारी शेजारी जोडायच्या तर एका पाटीवर दोन पट्ट्या ठोकून मधे उलटसुलट पाचरी मारा. नेहमीचा पांढरा किंवा पिवळा लाकडाचा गोंद तासभर दाबून ठेवला की सहसा धरतो. पूर्ण जोर यायला एक दिवस द्या.

आता मशिनं. पहिलं मशीन ड्रिल. घरात इतर कामालाही लागतं, म्हणून त्यात नवं घेतलं तरी वाईट वाटत नाही. बॅटरीवरचं घेणार असाल तर ड्रिलपेक्षा बॅटरीकडे आधी बघा. प्रत्येक कंपनीची बॅटरी वेगळी, म्हणजे आज तुम्ही जी बॅटरी घेता तिच्याच घराण्यातली पुढची मशिनं घ्याल. बॅटरीशिवाय नुसतं मशीन स्वस्तात मिळतं, पण फायदा तुमच्याकडे ती बॅटरी असेल तरच. जुनं बॅटरीचं ड्रिल फुकट मिळालं तरी विचार करून घ्या. त्याच्या नव्या बॅटऱ्या एक तर मिळत नाहीत किंवा नव्या ड्रिलच्या किमतीत पडतात. वायरवालं जुनं ड्रिल मात्र चांगला सौदा. चालू करून ऐका: एकसारखा आवाज यावा, खरखर नको. आतल्या ब्रशपाशी बारीक ठिणग्या दिसल्या तर चालतं, ज्वाळेसारखं वर्तुळ दिसलं किंवा जळका वास आला तर नको. कार्बन ब्रश झिजलेले असतील तर ते स्वस्तात बदलतात. बेअरिंगचं दुखणं महाग. लांब सरळ बिट लावून हळू फिरवा. टोक थरथरत गोल काढत असेल तर चक, म्हणजे बिट पकडणारा जबडा, वाकलेला आहे. परदेशातून आलेलं मशीन असेल तर पाटीवरचे व्होल्ट वाचल्याशिवाय प्लग लावू नका, १२० चं मशीन २३० वर क्षणात जातं.

दुसरं मशीन कोणतं, यावर सुतारांत भांडणं होतात. माझं मत: शेल्फ, कपाटं, प्लायवूड असं काम असेल तर हातात धरायची गोल पात्याची करवत आणि तिच्यासाठी प्लायवूडची सरळ मार्गदर्शक पट्टी. पट्टी घरीच करा. पातळ प्लायवर एक जाड सरळ पट्टी चिकटवा, मग जाड पट्टीला मशीन टेकवून पातळ प्लायची कड कापून टाका. आता ती कड म्हणजे तुमच्या पात्याची नेमकी रेघ. टेबल-करवत इतक्यात नको. स्वस्तातल्या जुन्या टेबल-करवतींना पात्यामागची फाळ, म्हणजे पात्याच्या मागे उभी असणारी पातळ पट्टी, बऱ्याचदा काढून टाकलेली असते, आणि तीच लाकडाला पात्यावर आवळून उलट अंगावर फेकलं जाण्यापासून वाचवते. फाळ नाही तर सौदा नाही. आणि पहिल्या शेल्फपुरती तर या दोन्हींपैकी कुठलीच मशीन-करवत लागणार नाही. प्लायवूड विकणारे बरेच जण मोठ्या मशीनवर मापाप्रमाणे कापून देतात. मापं लिहून न्या, त्यांच्याकडून चौकोन करून घ्या, कडा आणि सांधे घरी करा.

माल शोधायचा कुठे? सगळ्यात चांगला माल जाहिरातीत येतच नाही. काम थांबवलेले वयस्क सुतार, बंद होणारी वर्कशॉपं, घर रिकामं करणारी कुटुंबं, नातेवाइकांचे माळे, यांच्याकडे तो असतो. पाच-सहा जणांना "जुनी सुतारकामाची हत्यारं कुणाकडे असतील तर सांगा" एवढं सांगून ठेवा, महिन्याभरात निरोप येतो. सुताराकडून घेताना घासाघीस फार करू नका. हत्याराबरोबर तो पातं कसं लावायचं ते तिथेच दाखवतो, ते पैशात मोजता येत नाही. भंगाराच्या दुकानात नियमित डोकावलं पाहिजे, एकदा जाऊन काही हाती लागत नाही. ऑनलाइन शोधताना कंपनीचं नाव घालू नका. ज्याला नाव माहीत आहे तो किंमतही जाणून असतो. "जुनं सामान", "लोखंडी रंधा", "सुताराची पेटी" असं ढोबळ शोधा. पेटीसकट सगळं एकत्र विकणाऱ्याकडे तर जरूर जा, हवं ते ठेवून उरलेलं विकलं की तुमचं पुष्कळसं फुकटात पडतं. फोटो अंधुक असतील तर रंध्याच्या तळाचा आणि पात्याच्या सपाट बाजूचा वेगळा फोटो मागवा. द्यायला टाळाटाळ झाली तर समजून जा. एखाद्याच कामाला लागणारं मशीन भाड्याने किंवा सामायिक वर्कशॉपमध्ये मिळालं तर विकत घेण्याचा विचारही करू नका.

लाकूडही फुकटात मिळू शकतं, आणि सरावाला तेच हवं. मालवाहतुकीच्या पॅलेटवर शिक्का बघा: एचटी म्हणजे उष्णतेने प्रक्रिया केलेलं, ते घ्या. एमबी असेल तर मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली आहे, ते सोडा. जुन्या लाकडावर रंधा फिरवण्याआधी चुंबक फिरवा. आत तुटून राहिलेला एक खिळा तुमची तासाभराची धार घालवतो.

काटकसर करायची नाही अशा तीन गोष्टी: डोळ्यांचा चष्मा, कानांची बोंडं आणि धुळीचा चांगला मास्क. लाकडाच्या धुळीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. तोंडाला रुमाल बांधून ही धूळ अडत नाही, एन-९५ किंवा एफएफपी-२ दर्जाचा मास्क घ्या. फ्लॅटमध्ये काम करणार असाल तर हाच मुद्दा हातहत्यारांच्या बाजूने जातो. रंध्यातून साल निघते, ती झाडूने भरता येते. सँडरमधून, म्हणजे लाकूड घासायच्या मशीनमधून, निघालेली धूळ शेजारच्या खोलीतल्या उशीपर्यंत जाते.

तर तुमच्या शेल्फसाठी खरेदीचा क्रम असा लावा: काच, कागद आणि गाइड, पोलादी पट्टी, परीक्षा घेतलेला गुण्या आणि चाकू, दोन्ही बाजूंची एक करवत, १२ आणि २५ मिलीमीटरच्या दोन पटाश्या, चार क्लॅम्प, ड्रिल. रंधा जुन्यात मिळेल तेव्हा, त्यासाठी घाई नको. तोवर कडा कागदाने नीट करा. उरलेल्या दोन पटाश्या स्टुलाच्या वेळी लागतील, कारण पायांच्या आडव्या पट्ट्यांना खाचा पाडाव्या लागतात आणि तिथे ६ मिलीमीटरची अरुंद पटाशी हवी. स्टुलाला हात घालण्याआधी टाकाऊ लाकडात तशा चार-सहा खाचा पाडून बघा. तिसऱ्या-चौथ्या खाचेला पटाशी पुन्हा काचेवर न्यावी लागली तर ते ठीकच आहे. पहिल्याच खाचेत न्यावी लागली तर पोलाद मऊ आहे किंवा कोन फार बारीक लागलाय. आधी ३० अंश तपासा, मगच पटाशी बदला.